आधी उजेड, मग कॅमेरा: फोटोग्राफी शिकताना सुरुवात कुठून करावी

नवा कॅमेरा किंवा चांगला फोन हातात आला की बहुतेक जण आधी मेनूतली बटणं शिकायला बसतात. माझा आग्रह उलट्या क्रमाचा आहे. आधी उजेड बघायला शिका, मग फोकस, आणि मग चौकटीत काय ठेवायचं ते. उजेड कुठून येतोय हे न बघताच बटण दाबल्यामुळे जितके फोटो फसतात, तितके चुकीच्या सेटिंगमुळे फसत नाहीत. खाली दिलेले बहुतेक प्रयोग साध्या फोनवर होतात. जिथे सेटिंग हाताने बदलता येणारा कॅमेराच लागतो, तिथे तसं सांगितलं आहे.

सुरुवातीची तयारी

लेन्स पुसा. फोन दिवसभर हातात आणि खिशात असतो, बोटांचा तेलकटपणा काचेवर बसतो आणि मग प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय येतं. चष्म्याचं कापड किंवा धुतलेलं मऊ सुती फडकं पुरतं. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिडच्या रेषा चालू करा आणि फ्लॅश बंद करा. दोन बोटांनी ताणून झूम करायची सवय सोडा. तसं करताना फोन चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, बारकावे काही वाढत नाहीत. स्क्रीनवर २ किंवा ३ असे ठरलेले आकडे दिलेले असतील तर ते खुशाल वापरा.

एक खिडकी, एक माणूस

घरातली अशी खिडकी निवडा जिच्यातून त्या वेळी थेट ऊन आत येत नाही. सकाळी पश्चिमेची, दुपारनंतर पूर्वेची. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तमच, कारण तिच्यातून वर्षातला बराच काळ ऊन थेट येत नाही, नुसता आकाशाचा उजेड येतो. घरातले दिवे मालवा. ट्यूबचा आणि आकाशाचा उजेड एकत्र आला की चेहऱ्याची एक बाजू एका रंगाची आणि दुसरी दुसऱ्या रंगाची दिसते, आणि ते नंतर दुरुस्त करणं कटकटीचं होतं.

आता घरातल्या कुणाला तरी खिडकीजवळ, पण मध्ये तुम्हाला उभं राहता येईल इतक्या अंतरावर, खुर्चीत बसवा. आजी किंवा आजोबा तयार झाले तर फारच छान, कारण सुरकुत्यांवर उजेडाचं काम सगळ्यात स्पष्ट दिसतं. खुर्ची हलवू नका. माणूस वळवा, स्वतः फिरा, आणि हे चार फोटो काढा.

पहिला, आजी खिडकीकडे तोंड करून आणि तुमची पाठ खिडकीला. उजेड समोरून सपाट पडतो, सुरकुत्या मऊ होतात, पण चेहऱ्याला उठाव कमी येतो. दुसरा, खिडकी आजीच्या बाजूला. अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत. कातडीचा पोत, नऊवारीची वीण, कुडीतला मोती, सगळं उठून दिसतं. तिसरा या दोन्हींच्या मधला, म्हणजे उजेड तिरका. खिडकी चेहऱ्यापेक्षा थोडी उंच असेल तर नाकाची सावली गालावर तिरकी उतरते आणि खिडकीपासून लांबच्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा लहानसा त्रिकोण उमटतो. स्टुडिओवाले याला रेम्ब्रांट लाइट म्हणतात. नवशिक्याने व्यक्तिचित्र काढताना काय करावं असं विचारलंत तर माझं उत्तर हाच कोन. चौथा, खिडकी आजीच्या पाठीमागे. चेहरा काळवंडतो आणि केसांच्या कडेला रुपेरी रेघ येते. आकृती काळी ठेवायची की चेहरा उजळवून मागची खिडकी पांढरीफटक होऊ द्यायची, हा निर्णय तुमचा. फोनवर चेहऱ्याला बोट लावलं की चेहरा उजळतो, खिडकीला लावलं की आकृती काळी होते.

चारही फोटोंमध्ये डोळ्यांत डोकावून बघा. पहिल्या तिन्हींत बुबुळात खिडकीचा लहानसा पांढरा चौकोन दिसतो, त्याला कॅचलाइट म्हणतात; चौथ्यात खिडकी मागे असल्यामुळे तो नसतो. तो असला की डोळे जिवंत वाटतात, नसला की मंद वाटतात. इतरांचे फोटो बघतानाही ही खूण वाचायची सवय लावा. गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले कलावंतांचे चेहरे समोर आले की आधी बुबुळातला ठिपका शोधा, मग नाकाची सावली कुठे पडली आहे ते बघा. दिवा किती मोठा होता आणि कोणत्या बाजूला होता, याचा अंदाज बांधता येतो.

आता खुर्ची मागे सरकवा. खिडकीजवळून मागे सरताना उजेड झपाट्याने घटतो. लहान दिव्याच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो. खिडकी मोठी असल्यामुळे हे गणित तिला तंतोतंत लागू पडत नाही, तरी कल तोच. म्हणून खिडकीजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा उजळ आणि मागची भिंत अंधारी येते, तर खोलीच्या मध्यावर बसवला की चेहरा आणि भिंत जवळपास सारख्याच उजळ येतात. घरात मागे पसारा असेल तर माणसाला खिडकीजवळ आणा, पसारा अंधारात जाईल.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर तिकडे पांढरं कार्डशीट किंवा घडी केलेली पांढरी चादर धरा. उजेड परतून गालावर येतो. उलट नाट्य हवं असेल तर त्याच जागी काळी शाल धरा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड ती शोषून घेते आणि सावली आणखी गडद होते.

मऊ उजेड, कडक उजेड

उजेडाचा स्रोत वस्तूच्या मानाने मोठा दिसत असेल तर सावलीच्या कडा मऊ होतात, लहान दिसत असेल तर कडक. सूर्य अवाढव्य आहे, पण इतका लांब आहे की आपल्याला तो लहानशा ठिपक्याएवढाच दिसतो, म्हणून भर उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी. ढग आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात. पावसाळ्यात माणसांचे चेहरे आणि ओल्या पानांचा हिरवा रंग सुंदर येतो तो यामुळेच. ढगाळ दिवशी ‘आज उजेड नाही’ म्हणून कॅमेरा घरी ठेवू नका. फक्त पांढरंफटक आभाळ चौकटीत कमीत कमी घ्या.

खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तिला पातळ पांढरं धोतर किंवा मलमलचा पडदा लावा. कडक ऊन कापडावर पसरतं आणि ते कापडच मोठा मऊ दिवा बनतं.

भर दुपारी बाहेर असाल तर डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात. अशा वेळी माणसाला ओसरीच्या, देवळाच्या सभामंडपाच्या किंवा दुकानाच्या छपराच्या कडेला, सावलीतच पण बाहेर तोंड करून उभं करा. बाहेरच्या उजळ जमिनीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो. झाडाखाली मात्र जपून. पानांमधून गळणारे कवडसे डोळ्यांना सुखावतात, फोटोत तेच गालावर पांढऱ्या डागांसारखे दिसतात.

सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तासभर ऊन तिरकं, मऊ आणि सोनेरी असतं. आपल्याकडे सूर्य युरोपच्या मानाने सरळ उभा चढतो आणि उतरतो, त्यामुळे ही वेळ भरकन निघून जाते. जागा आधी हेरून ठेवलेली असावी. दिशाही आधी बघा. पूर्वाभिमुख देवळाच्या दर्शनी भागावर सकाळचं ऊन पडतं. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे कैलास लेण्याच्या दर्शनी बाजूला दुपारनंतर जावं. कोकणात समुद्र पश्चिमेला, म्हणून तिथे संध्याकाळी सूर्य पाण्यावर मिळतो. मुंबईत गेटवेच्या पलीकडचं पाणी पूर्वेला आहे. सकाळी शहराच्या बाजूने उभं राहिलात तर कमानीची काळी आकृती मिळेल, दगडाचा रंग हवा असेल तर दुपार कलल्यावर जा.

दिवाळीत आकाशकंदिलाचे फोटो बहुतेक जण मिट्ट काळोख झाल्यावर काढतात आणि काळ्या पडद्यावर एक पांढरा गोळा मिळतो. तिन्हीसांजेला, सूर्य मावळल्यावर वीसेक मिनिटांनी, आभाळ अजून गडद निळं असतं तेव्हा काढा. आभाळाचा आणि कंदिलाचा उजेड त्या वेळी जवळपास तोलाचा असतो, त्यामुळे कागदाचा रंग, झिरमिळ्या, मागची गॅलरी सगळं दिसतं. फोन कठड्यावर टेकवा आणि टायमर लावा, म्हणजे बोटाच्या धक्क्याने तो हलणार नाही.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. पणतीचा साधारण १९००, पिवळ्या बल्बचा २७०० ते ३०००, दुपारच्या उन्हाचा ५५०० च्या आसपास, उघड्या सावलीतला ७००० च्या आसपास, म्हणजे निळसर. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स हे फरक पुसायला बघतो. पणत्यांच्या फोटोत तो पिवळेपणा पुसला गेला तर सगळी मजाच जाते, तेव्हा तिथे व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा.

कॅमेरा उजेड कसा मोजतो

कॅमेऱ्याला समोर काय आहे ते माणसासारखं कळत नाही. समोरचा देखावा सरासरी मध्यम करड्या रंगाचा आहे असं धरून तो उजेड ठरवतो. म्हणून पांढऱ्या धोतर-सदऱ्यातले वारकरी चौकट भरून घेतले की पांढरा रंग मळकट करडा येतो, आणि काळ्या पाषाणाची मूर्ती घेतली की ती राखाडी होते. पांढऱ्यासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचं +/- बटण, +१ कडे न्या, काळ्यासाठी -१ कडे. फोनवर बोट टेकवल्यावर बाजूला सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते, ती वर-खाली सरकवली की तेच काम होतं. हे एक बटण नीट वापरता आलं तर पूर्ण मॅन्युअल मोडची घाई नको.

हातात वेगळा कॅमेरा असेल तर तीन गोष्टी समजून घ्या. ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र: एफ/२.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशा पायऱ्या. प्रत्येक पुढच्या पायरीला उजेड निम्मा होतो, म्हणजे आकडा मोठा तितकं छिद्र लहान. शटर म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा: १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० सेकंद, इथेही प्रत्येक पायरीला निम्मा. आयएसओ म्हणजे मिळालेल्या उजेडाला किती वाढवून घ्यायचं: १००, २००, ४००, ८००. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० असताना एफ/१६ आणि १/१२५ जवळपास बरोबर बसतं. हा फिल्मच्या काळातला जुना अंदाज आजही चालतो. ॲपर्चर दोन पायऱ्या उघडून एफ/८ केलं तर शटर दोन पायऱ्या वेगवान, म्हणजे १/५००. उजेड तेवढाच राहतो. असे हिशेब चार-सहा वेळा कागदावर करून बघा, मग ते बोटात बसतात.

शटरसाठी ढोबळ आकडे: बसलेला माणूस १/१२५, अंगणात पळणारी मुलं किंवा लेझीम १/५०० किंवा त्याहून वेगवान, धबधब्याचं पाणी रेशमासारखं हवं असेल तर ट्रायपॉडवर अर्धा सेकंद. हातात धरून काढताना शटरचा आकडा लेन्सच्या फोकल लेंग्थपेक्षा, म्हणजे लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्यापेक्षा, कमी नसावा: ५० मिमी लेन्सला १/५०, आणि सेन्सर (उजेड टिपणारी चिप) लहान असलेल्या कॅमेऱ्यावर १/८० धरा. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. दाणेदार फोटो बघवतो, हललेला फोटो कशानेही सुधारत नाही.

फोकस

माणसाचा फोटो असेल तर कॅमेऱ्याला जवळच्या डोळ्यावर फोकस. नाक किंवा कान धूसर झालेला चालतो, डोळा धूसर झालेला चालत नाही. कॅमेऱ्यावर सगळे फोकस बिंदू चालू असतील तर तो अनेकदा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, मग हातातली पूजेची थाळी स्पष्ट आणि चेहरा अस्पष्ट. एकच बिंदू निवडा, तो डोळ्यावर ठेवा, बटण अर्धं दाबा, फोकस लागल्याची खूण दिसली की पूर्ण दाबा. डोळा आपोआप ओळखायची सोय असेल तर ती जरूर वापरा. फोनवर चेहऱ्याला बोट लावून तसंच दाबून धरलं की अनेक फोनवर फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. चालणाऱ्या-धावणाऱ्या विषयासाठी सतत फोकस करणारा मोड लावा. निकॉन आणि सोनीवर तो एएफ-सी, कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर एआय सर्व्हो.

कोऱ्या भिंतीवर, दाट धुक्यात, अंधारात आणि खिडकीच्या जाळीतून ऑटोफोकस चाचपडतो. तेवढ्याच अंतरावरची ठळक कडा असलेली एखादी वस्तू शोधून तिच्यावर फोकस घ्या, बटण अर्धं दाबलेलंच ठेवा आणि कॅमेरा परत वळवा.

मागचं धूसर करायचं असेल तर तीन गोष्टी करा: ॲपर्चरचा आकडा लहान, तुम्ही विषयाच्या जवळ, आणि विषय पार्श्वभूमीपासून लांब. तिसरी गोष्ट फुकट मिळते आणि तीच लोक विसरतात. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या माणसामागची भिंत एफ/१.८ लासुद्धा पुरती विरघळत नाही. फोनचा पोर्ट्रेट मोड धूसरपणा हिशेबाने रंगवतो, त्यामुळे विस्कटलेले केस आणि चष्म्याच्या कडा तपासून घ्या. गडावरून दरी-डोंगर घेताना उलट हवं असतं: एफ/८ किंवा ११, आणि फोकस काही मीटरवरच्या दगडावर किंवा झुडपावर. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, फार लहान छिद्रातून येणारा प्रकाश पसरतो आणि एकूण चित्रच मऊ पडतं.

फोटो अस्पष्ट आला की पुसण्याआधी मोठा करून कारण शोधा. सगळं चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला आहे, शटर वेगवान करा किंवा कोपर अंगाशी धरा. मागची भिंत स्पष्ट आणि फक्त नाचणारे हात पुसट असतील तर विषय हलला आहे, इथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, शटरच वेगवान हवं. डोळे धूसर पण मागचं कॅलेंडर खणखणीत स्पष्ट असेल तर फोकस चुकीच्या जागी लागला आहे. नवशिके तिन्हींना ‘फोटो हलला’ म्हणतात, पण उपाय प्रत्येकाचा वेगळा आहे.

कासच्या पठारावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलं टिपायला जाणार असाल तर एक सूचना. फूल जवळून घेताना अनेक फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात आणि फोनची सावलीच फुलावर पडते. थोडं मागे सरा, २ चा आकडा निवडा, वारा थांबायची वाट बघा. आणि पायवाट सोडून फुलांमध्ये गुडघे टेकू नका. एका फोटोसाठी चिरडलेली रोपं हा माफक सौदा मला तरी वाटत नाही.

चौकट

ग्रिडच्या रेषांनी चौकट नऊ खणांत विभागली जाते. जिथे रेषा छेदतात तिथे विषय ठेवा, क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवा, हा नियम तुम्हाला कुणीही सांगेल. सुरुवातीला उपयोगी आहे. पण देवळाची दीपमाळ, विहिरीत पडलेलं प्रतिबिंब, दोन्हीकडून सारखी कमान अशा गोष्टी मधोमधच शोभतात, तिथे नियम बाजूला ठेवा.

त्याहून महत्त्वाची सवय म्हणजे बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवणं. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, कोपऱ्यातली लाल प्लास्टिकची खुर्ची, कडेला अर्धा कापलेला हात. बहुतेक वेळा डावी-उजवीकडे दोन पावलं सरकलं की हे सगळं चौकटीबाहेर जातं. मूल असेल तर त्याच्या उंचीला वाका. माणूस ज्या दिशेला बघतोय तिकडे थोडी मोकळी जागा सोडा. समुद्राचं क्षितिज तिरकं राहिलं तर पाणी कलल्यासारखं वाटतं, तेवढं मात्र काटेकोर तपासा.

गडावर नुसती दरी घेतली तर ती घरी येऊन सपाट दिसते. पुढे काहीतरी ठेवा: बुरुजाचा दगड, गवताची पाती. तटबंदी कोपऱ्यातून आत जाणारी रेषा म्हणून वापरा, दरवाजाची कमान चौकट म्हणून. लांब कुठेतरी एक माणूस असला की डोंगराची उंची कळते. प्रत्येक ठिकाणी तीन फोटो काढा: परिसर दाखवणारा, विषय दाखवणारा, आणि अगदी जवळचा एखादा तपशील, म्हणजे दरवाजाचा खिळा किंवा चिऱ्यांमधलं शेवाळ.

लग्नातल्या ग्रुप फोटोत वाइड लेन्स घेऊन जवळ उभं राहू नका, कडेची माणसं ताणून रुंद दिसतात आणि आत्याबाई रागावतात ते योग्यच आहे. मागे जा, फोनवर १ चा आकडा ठेवा, दोन रांगा असतील तर कॅमेऱ्यावर एफ/८ आणि फोकस पुढच्या रांगेवर. लागोपाठ पाच-सहा फोटो काढा, कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

अनोळखी माणसाचा जवळून फोटो काढण्याआधी विचारा. वारीत, बाजारात, वाडीवस्तीवर बहुतेक जण हसून हो म्हणतात. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली.

घरी आल्यावर

त्याच दिवशी फोटो निवडू नका. दमलेल्या डोळ्यांना सगळेच आवडतात किंवा सगळेच नकोसे होतात. दुसऱ्या दिवशी सारख्या दिसणाऱ्यांतला एकच ठेवा. दुरुस्ती याच क्रमाने करा: क्षितिज सरळ, कडा कापणं, उजेड कमी-जास्त, मग रंग. गवत पोपटी आणि आभाळ शाईसारखं होईपर्यंत रंग ओढू नका. कॅमेऱ्यात रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती जशीच्या तशी साठवायची सोय असेल तर अवघड उजेडात ती वापरा. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या आकसलेल्या फोटो फाइलमध्ये, कायमचे गेलेले सावलीतले बारकावे तिच्यातून बरेच परत मिळतात, मात्र जागा कितीतरी जास्त लागते. मूळ फाइलवर बदल करू नका, प्रतीवर करा, आणि निवडलेले फोटो फोनशिवाय आणखी दोन ठिकाणी ठेवा. त्यातलं एक ठिकाण घराबाहेरचं असावं, म्हणजे क्लाउडवर किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या हार्ड डिस्कवर.